अँटिबायोटिकनंतरचे जुलाब, कॅप्सूल आणि पोटातल्या जंतूंचा रिपोर्ट

प्रश्न : आईचं वय ७१. दाताच्या इन्फेक्शनसाठी क्लिंडामायसिनचा कोर्स झाला, तो संपून आठवडा होत नाही तोच पातळ संडास सुरू. शेजारच्या काकू म्हणतात दहीभात द्या, मेडिकलवाल्याने प्रोबायोटिक कॅप्सूल आणि जुलाब थांबवायची गोळी दिली, आणि भाऊ न्यू जर्सीहून रोज फोन करून 'सी डिफची टेस्ट कर' म्हणून मागे लागलाय. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भावाचं ऐका. अँटिबायोटिकने पोट बिघडतं ते बहुतेकांचं आपोआप थांबतं, पण आईंचं वय, क्लिंडामायसिन आणि कोर्स संपल्यावर लागलेले जुलाब हे सगळं एकत्र आलं की डॉक्टरांकडे जायचंच. दिवसातून तीनदा किंवा जास्त पाण्यासारखी होत असेल, ताप असेल, पोटात कळा येत असतील, रक्त दिसलं तर आजच न्या आणि अँटिबायोटिकचं नाव आठवणीने सांगा. तोवर ओआरएस चालू ठेवा. ती जुलाब थांबवायची गोळी मात्र डॉक्टर बघेपर्यंत देऊ नका.

सी डिफ म्हणजे क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जंतू. याचे बीजाणू (जंतूचं बियांसारखं सुप्त रूप) भयंकर चिवट, अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत. एरवी ते पोटात गेले तरी फारसं काही होत नाही, कारण मोठ्या आतड्यातले आपले नेहमीचे जंतू पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतात आणि त्या बदललेल्या आम्लांपुढे सी डिफची डाळ शिजत नाही. अँटिबायोटिकने हे नेहमीचे जंतू साफ झाले की ते काम करायला कोणी उरत नाही, मग बीजाणू उगवतात, विष सोडतात आणि आतड्याचं अस्तर सुजतं. घरातल्यांनी हातही साबण-पाण्यानेच धुवायचे, सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत.

यावर औषध आहे. उदाहरणार्थ व्हॅन्कोमायसिन तोंडावाटे देतात, ते रक्तात फारसं न जाता आतड्यातच काम करतं. पण साधारण पाचातल्या एकाला दुखणं पुन्हा उलटतं, कारण औषधाने सी डिफ जातो तरी नेहमीचे जंतू काही लगेच परत येत नाहीत. अशा वारंवार उलटणाऱ्या पेशंटसाठी जो उपाय निघाला तो ऐकून नाक मुरडाल, निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून पेशंटच्या आतड्यात सोडायची. १९५८ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला बेन आइझमन या सर्जनने आतड्याला गंभीर सूज आलेल्या चौघांना असा एनिमा दिला होता, तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. २०१३ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी रीतसर तुलना छापली, विष्ठा दिलेल्या १६ पैकी १३ जण पहिल्याच डोसात बरे आणि नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर १३ पैकी ४. फरक इतका की चाचणी मध्येच थांबवली. २०२३ मध्ये तर अमेरिकेत याच्या कॅप्सूललाही परवानगी मिळाली. मायक्रोबायोमने, म्हणजे पोटातल्या जंतूंच्या वस्तीने, आजार होतो आणि बराही होतो याचा इतका ठणठणीत पुरावा मला तरी दुसरीकडे दिसत नाही. पण घरी यूट्यूब बघून कोणी असले प्रयोग करू नका, २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधाला न जुमानणारा ई कोलाय हा जंतू गेला आणि प्रतिकारशक्ती कमी असलेला एक पेशंट दगावला.

आता मेडिकलवाल्याच्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जंतूंच्या, कॅप्सूल. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या लोकांनी २०१८ मध्ये दाखवलं की अँटिबायोटिकनंतर ११ जातींचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जंतू परत यायला उलट उशीर लागला, काही न घेणाऱ्यांचे त्यांच्याआधी परतले. अभ्यास छोटा होता, पण 'घेऊन टाका, तोटा तर नाही ना' हे वाक्य मी तेव्हापासून बंद केलं. म्हणजे प्रोबायोटिक सगळं थोतांड असंही नाही हं. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक ठराविक वाण आणि त्याला लागणारी साखर आठवडाभर दिली, तर पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस (अंगभर भिनणारा गंभीर संसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं, २०१७ साली 'नेचर'मध्ये छापून आलंय. तिथे वाण ठरलेला, डोस ठरलेला, बाळं निरोगी. दुकानातल्या पाकिटावर नुसतं 'गुड बॅक्टेरिया' लिहिलेलं असतं त्यातून काय समजायचं?

काकूंचा दहीभात आईंना पचत असेल तर जरूर द्या, फक्त ते जेवण आहे, इलाज नाही.

प्रश्न : ऑनलाइन मागवून पोटातल्या जंतूंची, म्हणजे मायक्रोबायोमची, टेस्ट करून घेतली. स्कोअर १०० पैकी ४२ आलाय, 'प्रिव्होटेला जास्त' असं लाल अक्षरात लिहिलंय आणि सोबत त्यांच्याच कंपनीचा तीन महिन्यांचा सप्लिमेंट प्लॅन पाठवलाय. तब्येत तशी ठणठणीत आहे. घेऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नका घेऊ. प्रिव्होटेला हा आतड्यातला जंतू भारतीय पोटांत भरपूर सापडतो. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संशोधन संस्थेतल्या योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ मध्ये भारतीयांचे नमुने परदेशी डेटाशी ताडून बघितले तेव्हा हेच दिसलं, आणि भाकरी-डाळ-भाजी असं कोंड्याचं खाणं असलेल्या लोकांत जगभर तो जास्तच असतो. तुमचा रिपोर्ट कोणाच्या पोटाशी तुलना करून लाल झाला ते कंपनीला विचारा, बघा उत्तर येतं का. हिमोग्लोबिनचं नॉर्मल किती ते सांगता येतं, तसं निरोगी मायक्रोबायोमचं नॉर्मल अजून कोणी ठरवू शकलेलं नाही, मग ४२ हा आकडा आला कुठून? लठ्ठपणा, डायबेटिस, डिप्रेशन असणाऱ्यांचे जंतू वेगळे दिसतात हे खरं, पण आजाराने जंतू बदलले की जंतूंनी आजार आला की दोन्ही खाण्यामुळे आणि औषधांमुळे (डायबेटिसच्या मेटफॉर्मिन गोळीने सुद्धा जंतू बदलतात), हे अजून नीट सुटलेलं नाही. आणि ज्याने परीक्षा घेतली तोच गाईड विकतोय, एवढं कळलं तरी पुरे.

प्रश्न : इडली, ढोकळा हे प्रोबायोटिक आहे ना?
— एक वाचक, पणजी

उत्तर : पीठ आंबवतात जंतू, पण वाफेवर ते मरतात, म्हणजे ताटात जिवंत जंतू नाहीत. आंबल्यामुळे पचायला हलकी होते तो फायदा राहतोच. जिवंत हवे असतील तर घरी विरजलेलं दही, ताक, आणि न शिजवता खायची गाजराची कांजी. कढी केली की ताकातलेही गेले.