फोनपेतले पैसे निराधारच्या अर्जात सांगायचे का?

ताई, तुमच्या मायचा संजय गांधी निराधारचा अर्ज भरायचा हाय अन् तिच्या फोनपेत पैसे हायेत, ते सांगायचे का असं विचारलं ना तुम्ही. तर कोणी स्कॅन करून टाकलेले पैसे फोनपेत राहतच नाहीत, ते सरळ बँक खात्यात जातात, पासबुकात दिसतात. वेगळे असतात ते वॉलेटचे, म्हणजे अ‍ॅपमध्येच आधी भरून ठेवलेले पैसे.

अर्जात पाहतात ते कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न, साधारणपणे 21,000 पर्यंत पाहिजे (दिव्यांगाले मर्यादा वेगळी), त्याचा तहसीलदाराचा दाखला लागते. शिल्लक वेगळी अन् उत्पन्न वेगळं. कापूस वेचायची मजुरी, शिलाईचे पैसे, दूध विकलं ते, हे सगळं उत्पन्नच, मग नगदी येवो की वॉलेटमध्ये येवो. पण मायनं स्वतःच्याच खात्यातून वॉलेटमध्ये पाचशे टाकले तर ते काही नवीन उत्पन्न नाही, दोनदा मोजू नका.

भाऊ पुण्याहून दर महिन्याले पैसे पाठवत असल तर तेही तलाठ्याले आधीच सांगून टाका.

"मोबाईलातलं कोणाले दिसते" असं कोणी म्हटलं तर बिलकुल ऐकू नका. स्वयंघोषणापत्रावर सही मायची राहते, उद्या खोटं निघालं तर तिलेच तहसीलच्या चकरा माराव्या लागतील. माझ्या मावशीले असाच सल्ला कोणीतरी देला होता, चौकशी लागली अन् बिचारी उन्हातान्हात किती फिरली, मले अजून वाईट वाटते.

अन् हो, अनुदान आधार लिंक असलेल्या बँक खात्यातच येते, वॉलेटमध्ये नाही, तेवढं लिंक तपासून घ्या.