वाचक विचारतात : एफएमचा आवाज पत्र्यासारखा का येतो?

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो की एफएम सिंथेसिस, म्हणजे एका लहरीने दुसरीला हलवून आवाज घडवायचं तंत्र, शिकायला पैसे कमी आणि कान जास्त लागतो, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की विचारू नका. सगळी आपल्या किनारपट्टीवरची, अलिबागपासून पार खाली कणकवलीपर्यंत. त्यातली पाच घेतोय. दोघांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून मग कोणाचंच छापत नाही.

दादा, मी कणकवलीजवळचा, भजनी मंडळात कीबोर्ड वाजवतो. लॅपटॉपवर डेक्स्ड हे सिंथचं सॉफ्टवेअर टाकलंय, फुकट आहे म्हणून. तयार आवाज मस्त वाजतात पण स्वतः काही फिरवलं की पत्र्याचा डबा आपटल्यासारखं होतं. मला आरतीसाठी देवळातल्या घंटेचा आवाज बनवायचाय. सहा ऑपरेटर, बत्तीस अल्गोरिदम, माका कायएक कळना नाय. खयसून सुरू करू?

अरे बाबा, आधी सहातले चार विसर. स्क्रीनवर जे सहा डबे दिसतात ते सगळे एकच काम करतात, साइन वेव्ह काढायचं, म्हणजे शिट्टीसारखा साधा गोल आवाज. एकट्या डब्यात काही दम नाही, गंमत आहे ती एकाने दुसऱ्याला हलवण्यात.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग म्हणून संगीतकार, १९६७ साली कॉम्प्युटरवर व्हायब्रेटो देऊन बघत होते. आपण सुराला आंदोलन देतो ना तसंच, सेकंदाला पाच-सहा वेळा सूर वरखाली. तो वेग ते वाढवत गेले, वाढवत गेले, आणि एका टप्प्यानंतर सूर हलतोय हे कानाला कळेनासंच झालं, आवाजाची जातच बदलली. आमच्या हर्णै बंदरात होडीचं इंजिन सुरू करतात तेव्हा आधी टुक... टुक... असे सुटे ठोके ऐकू येतात आणि वेग धरला की सगळ्याचा मिळून एकच घूं होतो, साधारण तशातला प्रकार. यामाहाने हे तंत्र त्यांच्याकडून घेतलं आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ हा कीबोर्ड सिंथ काढला. तुझं डेक्स्ड म्हणजे त्याचीच सॉफ्टवेअरमधली नक्कल.

आता हात घाल. इनिट, म्हणजे आवाज कोरा करायचं बटण, दाब, अल्गोरिदम १ येईल (अल्गोरिदम म्हणजे कोणता डबा कोणाला हलवतो त्याची मांडणी), त्यात ऑपरेटर २ हा ऑपरेटर १ च्या डोक्यावर बसलेला दिसेल. खालचा कॅरियर, तो आपल्याला ऐकू येतो. वरचा मॉड्युलेटर, तो स्वतः कधीच ऐकू येत नाही, फक्त खालच्याला हलवतो. एक की दाबून धर आणि ऑपरेटर २ ची लेव्हल शून्यापासून हळूहळू वर ने. पन्नासपर्यंत वाटेल काही होतच नाहीये, मग साठ-सत्तरला धार येईल आणि नव्वदच्या पुढे कानात खिळे. कारण ती पट्टी सरळ चढत नाही, साधारण दर आठ घरांना जोर दुप्पट होतो. तुझा पत्र्याचा डबा इथेच आहे बघ, तू बहुतेक सगळं नव्वदच्या वर ठेवून फिरवतोयस. सगळेच करतात, मीही वर्षभर तेच केलं.

दुसरी गोष्ट रेशो, म्हणजे मॉड्युलेटर कॅरियरच्या किती पट वेगाने हलतोय. रेशो १ ठेवलास तर ब्रासच्या जवळचा भरीव आवाज. २ केलास तर क्लॅरिनेटसारखा पोकळ, कारण मधले सम पट गळून जातात. पूर्णांक ठेवलास की सुरेल. अपूर्णांक टाकलास की धातू. घंटा हवी म्हणतोस ना, मग ऑपरेटर २ ला कोर्स (रेशोचा मोठा आकडा) १ आणि फाइन (बारीक आकडा) ४१ कर, १.४१ होईल.

हे का चालतं ते एकदा आकड्यात बघून घे. समज कॅरियर २०० हर्ट्झचा आणि मॉड्युलेटर २८० चा. तर कॅरियरच्या दोन्ही बाजूंना २८०-२८० च्या अंतरावर नवीन सूर उगवतात. वरच्या बाजूला ४८०, ७६०, १०४०. खालच्या बाजूला २०० मधून २८० वजा, उणे ८०, पण उणे कंपनसंख्या असा काही प्रकार कानाला नाही, ती उलटी होऊन ८० म्हणूनच ऐकू येते, तसेच पुढे ३६० आणि ६४०. यातलं एकही २०० च्या पटीत नाही, म्हणून कानाला ती तार वाटत नाही, पितळ वाटतं. पेटीवर २०० च्या सुराबरोबर ४००, ६००, ८०० असे शिस्तीत येतात, घंटा शिस्त पाळत नाही.

पण एवढ्यावर घंटा होत नाही, आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात. मी आमच्या गावच्या देवळात फोन घेऊन घंटेखाली उभा राहिलो होतो, सतरा-अठरा वेळा वाजवली, शेवटी गुरव बाहेर येऊन म्हणाले देव जागा झाला आता पुरे. घरी येऊन ऐकलं तर पहिल्या क्षणाला टण्ण्, त्यात सगळं खणखणीत, आणि मग वरचे सूर एकेक करून विझत जातात आणि शेवटी नुसता खालचा हुंकार राहतो, तो मात्र लांबत जातो. म्हणजे तुझा मॉड्युलेटर कॅरियरच्या आधी मेला पाहिजे. ऑपरेटरचा आवाज चार टप्प्यांत चढतो-विझतो, प्रत्येक टप्प्याला एक रेट म्हणजे वेग आणि एक लेव्हल म्हणजे उंची. दोघांचाही रेट १ ला ९९ ठेव, लेव्हल १ ला ९९ आणि बाकी तिन्ही लेव्हल शून्य, मग ऑपरेटर १ चा रेट २ तीसच्या आसपास आणि ऑपरेटर २ चा चाळीसच्या. रेट जितका कमी तितकं हळू, हे उलटं वाटतं पण सवय होते. की सोडल्यावरही घुमायला हवं म्हणून रेट ४ पण तेवढाच. हे आकडे माझ्या कानाचे आहेत, तू तुझ्या देवळातली घंटा ऐकून ठरव.

ते जमलं की अल्गोरिदम ५ वर जा, तिथे अशा तीन जोड्या शेजारीशेजारी आहेत. पहिली जोडी तशीच्या तशी दुसऱ्या जोडीत उतरव आणि तिला डीट्यून, म्हणजे सूर किंचित सरकवणं, दोन-तीन घरं दे. खऱ्या घंटेत विझताना जी वंव-वंव लहर येते ती यातून येते. माझ्या आईने हा आवाज स्वयंपाकघरातून ऐकून विचारलं होतं, आरती आज लवकर का रे?

सर, मी रत्नागिरीत मुलांचे कीबोर्ड क्लास घेते. एफएमसाठी हार्डवेअर घ्यावं की सॉफ्टवेअरच पुरेल? मोठा खर्च झेपणार नाही, आणि इथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

ताई, आधी सॉफ्टवेअर. डेक्स्ड फुकट, सर्ज फुकट, दोन्हीत वर्षभर पुरेल एवढं सामान आहे. तुमच्याकडे यूएसबीचा कीबोर्ड असेलच, तो लावा. की दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर १२८ किंवा २५६ वर आणा, विंडोजवर असाल तर एसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज लवकर पोचवणारा ड्रायव्हर, वापरा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

हार्डवेअर घ्यायचंच तर बॅटरीवर चालणारं बघा. कॉर्गचा वोल्का एफएम सहा पेन्सिल सेलवर चालतो, सहा ऑपरेटरचा आहे आणि डीएक्स-७ चे आवाज त्यात भरता येतात. पण पहिल्या वोल्कात एकावेळी तीनच सूर, चौथा दाबला की पहिला गेला. आणि माझ्या मते त्याहून मोठी अडचण म्हणजे बाहेरून कीबोर्ड लावला तर तो बोटाचा जोर ओळखत नाही. एफएममध्ये जोर हाच जीव आहे हो, हलकं दाबलं की मॉड्युलेटर थोडा, आवाज मऊ, जोरात दाबलं की तोच आवाज टणकतो, नुसता मोठा होत नाही. तेच गेलं तर मुलांना काय शिकवणार. दुसरा वोल्का एफएम २ सहा सुरांचा आहे आणि जोरही ओळखतो, घेतलात तर तोच घ्या. यामाहाचा रिफेस डीएक्सही सेलवर चालतो, चार ऑपरेटर, आठ सूर, पट्ट्या मात्र बारीक, लहान मुलांच्या बोटांना बऱ्या. शिकवायला मला तर चार ऑपरेटरच सोपे वाटतात, सहा बघून मुलं घाबरतात.

गुहागरहून. काकांचा मुंबईत ऑर्केस्ट्रा होता, त्यांचा डीएक्स-७ माळ्यावर सापडला. चालू होतो पण आवाजांची नावं म्हणजे नुसती चित्रविचित्र अक्षरं आणि वाजवलं की खरखर. भंगारात द्यायचा का?

खबरदार! काकांनी विकला नाही हे तुमचं नशीब. हे बहुतेक आतल्या बॅटरीचं दुखणं आहे. आवाज जपायला आत एक नाण्याएवढा लिथियम सेल असतो आणि तो बोर्डावर थेट डाग देऊन बसवलेला असतो. चाळीस वर्षांत तो मेला की आठवण गेली. मशीन बिघडलं असं नाही, फक्त विसरलंय.

दुरुस्तीवाल्याला सांगा की नवीन सेल बसवताना होल्डर लाव, म्हणजे पुढच्या वेळी नुसता काढून घालता येईल. हे आवर्जून सांगतोय कारण एका मोठ्या शहरातल्या माणसाने माझ्या जुन्या कीबोर्डात साध्या सेललाच थेट डाग दिला, उष्णतेने सेल गेला, दोन पावसाळ्यांत त्याने बोर्डावर हिरवं पाणी सोडलं आणि मला कळलं तेव्हा दोन ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, खाऊन झाले होते. आणि प्लग लावायच्या आधी मागची पट्टी वाचा. जपानहून आलेलं मशीन १०० व्होल्टचं असू शकतं, ते आपल्या २३० ला लावलं तर एकच धूर. तुमचं चालू होतंय म्हणजे एकतर ते २३० चं आहे किंवा काकांचा ट्रान्सफॉर्मर अजून सोबत आहे, तो असेल तर वेगळा करू नका.

सेल बदलला की आवाज परत भरायचे. मिडी केबलने (वाद्य आणि कॉम्प्युटर बोलतात ती केबल) लॅपटॉपला जोडा, मशीनवर मेमरी प्रोटेक्ट बंद करा, सिस इन्फो अव्हेलेबल करा, हे दोन विसरलात तर लॅपटॉप पाठवत बसतो आणि मशीन ढिम्म. बत्तीस आवाजांची अख्खी बँक ४१०४ बाइटची, सकाळी नातेवाईक पाठवतात त्या गुड मॉर्निंगच्या फोटोहून कितीतरी लहान. मूळचे कारखान्यातले आवाजही मिळतात, त्यातला ई पियानो १ नक्की वाजवा. त्यात एक मॉड्युलेटर १४ च्या रेशोवर आहे, सुरुवातीची ती काचेवर नख मारल्यासारखी टिंग तिथून येते. काकांनी लग्नाच्या रिसेप्शनात तो हजारदा वाजवला असेल.

आणि माळ्यावर परत ठेवू नका. खारी हवा पट्ट्यांखालचे काँटॅक्ट खाते. २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौलं उडाली आणि खोलीभर पाणी, तेव्हापासून माझं सगळं प्लास्टिकच्या झाकणात, आत सिलिकाच्या पुड्या, त्याही दर महिन्याला तव्यावर गरम करून. घरचे हसतात.

अलिबाग. हे एफएम म्हणजे रेडिओतलंच एफएम का हो?

तत्त्व तेच. रेडिओत ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या लहरीला आपला आवाज हलवतो, आणि तुमचा रेडिओ ती हालचाल वाचून आवाज परत काढतो. सिंथमध्ये हलणारा आणि हलवणारा दोघेही कानाला ऐकू येण्याच्या टप्प्यात, आणि परत काढायचं काही नाही, जे हललं तेच ऐकायचं. चिकित्सक लोक सांगतील की यामाहा खरं तर फ्रीक्वेन्सी नाही, फेज हलवते. बरोबर आहे त्यांचं. त्याने तुमचा पुढचा आवाज बदलणार नाही.

राजापूर. शिमग्याला पालखीपुढे वाजवायला एफएममध्ये सनई बनेल का? आमचा सनईवाला आता थकलाय.

गर्रर्र असा जिव्हाळीचा खरखरीतपणा मिळेल, रेशो १ आणि मॉड्युलेटरला फीडबॅक (त्याने स्वतःलाच हलवणं) पाच-सहा, सातवर फार सांडतो. पण सनई म्हणजे मींड आणि श्वास, ते सूर सरकवायच्या पिच बेंडच्या चाकावर आणायला तुम्हाला सनईवाल्याइतकाच रियाझ करावा लागेल. शेजारच्या मोड व्हील नावाच्या चाकावर मॉड्युलेटरची लेव्हल लावून फुंकीसारखं करून बघितलंय मी, एकट्याने खोलीत बरं वाटतं, ढोलांच्या बाजूला उभं केलं की लगेच उघडं पडतं. मी तुमच्या जागी असतो तर कीबोर्डवर खालचा सूर धरला असता, त्याला एक मॉड्युलेटर अगदी हलका, पन्नास-पंचावन्नपर्यंत, नुसती पोटातली घरघर येईल इतपत, आणि थकलेल्या सनईवाल्याला त्यावर दोन-चार फुंका मारायला बसवलं असतं, खुर्ची देऊन.