पोटनिवडणूक, फेरनिवडणूक की दुसरी फेरी?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ५ जानेवारी २०२१ रोजी सिनेटसाठी, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहासाठी, मतदान झालं. त्याला मराठीत कुणी 'पोटनिवडणूक' म्हणतं, कुणी 'फेरनिवडणूक', कुणी 'दुसरी फेरी'. यातलं बरोबर काय?

'फेरनिवडणूक' नक्कीच नको. फेरमतदान, फेरमोजणी, फेरतपासणी म्हटलं की आधीचं काम रद्द झालं किंवा त्याबद्दल शंका आली, असं आपण समजतो. ३ नोव्हेंबर २०२० चं मतदान रद्द झालं नव्हतं. उलट जानेवारीत कुणी लढायचं, हे त्याच निकालावरून ठरलं. जॉर्जियात जिंकायला निम्म्याहून अधिक मतं लागतात. ती कुणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. आपल्याकडे नुसती आघाडी पुरते, म्हणून अशा लढतीला आपल्या व्यवहारात रुळलेला शब्द नाही. पदवीधर मतदारसंघातली 'दुसऱ्या पसंतीची मतं' आठवतील, पण तिथे मतदार पसंतीक्रम एकाच वेळी लिहून मोकळा होतो. जॉर्जियात त्याला पुन्हा मतदान केंद्रावर यावं लागतं. म्हणून 'दुसरी फेरी' हाच शब्द मला योग्य वाटतो.

आता 'पोटनिवडणूक'. तो शब्द चूक नाही, पण अर्ध्याच घटनेला लागू पडतो, आणि सगळा घोळ इथेच आहे. त्या दिवशी राज्यातल्या दोन्ही जागांचं मतदान होतं. एका जागेची सहा वर्षांची मुदत संपत होती. तिथे डेव्हिड पर्ड्यू नोव्हेंबरमध्ये ४९.७ टक्के मतं घेऊन पुढे होते, तरी निवडून आले नाहीत. जानेवारीत जॉन ऑसॉफ यांनी त्यांना हरवलं. ही नियमित निवडणुकीची दुसरी फेरी. दुसरी जागा जॉनी आयझॅकसन यांची. प्रकृतीमुळे त्यांनी २०१९ च्या अखेरीस मुदतीआधीच पद सोडलं आणि गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी केली लोफ्लर यांची नियुक्ती केली. उरलेल्या मुदतीसाठीची निवडणूक ही खरी पोटनिवडणूक. नोव्हेंबरमध्ये तिथे वीस उमेदवार होते. राफाएल वॉरनॉक सुमारे ३३ टक्के मतं मिळवून पहिले आले, आणि जानेवारीत त्यांनी लोफ्लर यांचा पराभव केला. ही पोटनिवडणुकीची दुसरी फेरी. दिवस एक, मतदार तेच, पण नावं दोन.

रिकाम्या जागी गव्हर्नरने माणूस नेमायचा, ही सोय आपल्या राज्यसभेत नाही. जॉर्जियात तिचा सर्वात विलक्षण वापर १९२२ मध्ये झाला. सिनेटर टॉम वॉटसन वारल्यावर ८७ वर्षांच्या रेबेका फेल्टन यांना नेमलं गेलं. पोटनिवडणूक वॉल्टर जॉर्ज यांनी जिंकली होती, पण त्यांनी शपथ थोडी लांबवली, आणि फेल्टन एका दिवसासाठी अमेरिकेच्या पहिल्या महिला सिनेटर झाल्या. ती पोटनिवडणूकच, दुसऱ्या फेरीशी तिचा संबंध नाही.

बहुमताच्या नियमाचा इतिहास मात्र कटू आहे. तो १९६४ चा. गोऱ्यांची मतं फुटली आणि कृष्णवर्णीयांची एकगठ्ठा पडली, तर त्यांचा उमेदवार निवडून येईल, ही भीती त्यामागे होती. नियमाचा आग्रह धरणारे आमदार डेन्मार्क ग्रूव्हर यांनी पुढे हा हेतू कबूलही केला. १९९२ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर वायच फाउलर पहिल्या फेरीत पुढे राहून दुसऱ्या फेरीत रिपब्लिकन पॉल कव्हरडेल यांच्याकडून हरले. मग डेमोक्रॅट पक्षाने मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली, त्यामुळे १९९६ मध्ये मॅक्स क्लेलँड निम्म्याहून कमी मतांवर सिनेटर झाले. रिपब्लिकन पक्षाने २००५ मध्ये पुन्हा निम्म्याची अट घातली. त्या अटीखालच्या दुसऱ्या फेरीतच वॉरनॉक जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे ६ डिसेंबर २०२२ रोजी वॉरनॉक आणि हर्शल वॉकर यांच्यात पुन्हा लढत झाली. तेव्हा वॉरनॉक यांची मुदत संपत आली होती, कुणी राजीनामा दिला नव्हता. म्हणून तिला कुठे 'पोटनिवडणूक' म्हटलं असेल तर ते खोडून 'नियमित निवडणुकीची दुसरी फेरी' असं लिहावं.