कायदा-सल्ला : नाव खोटं, अंगठा खरा

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत, सातबारा सामाईक. आम्ही सगळे डोंबिवलीला. एकाने स्वतःला आमचा चुलतभाऊ म्हणवून आधी वारस नोंद आणि मग खरेदीखत केलं. अशा नावाचा भाऊ आमच्या घरात जन्मलाच नाही! पोलीस म्हणतात, ज्याचं सोंग घेतलं तो माणूसच नाही, मग तोतयेगिरी कसली?

उत्तर : पोलिसांचं म्हणणं चूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 319 च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय, की सोंग खऱ्या व्यक्तीचं असो वा काल्पनिक, गुन्हा होतोच. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. व्यवहार 1 जुलै 2024 पूर्वीचा असेल तर जुन्या दंडसंहितेची कलमं 416 आणि 419 लागतील, म्हणून खताची तारीख आधी पाहा. नोंदणी अधिकाऱ्यापुढे जाणूनबुजून खोटं सांगणं हा नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 82 खाली वेगळा गुन्हा, 7 वर्षांपर्यंत कैदेचा.

दुय्यम निबंधकाकडून खताची प्रमाणित प्रत काढा. नाव बनावट असलं तरी त्यावरचा फोटो आणि अंगठा कुणा जिवंत माणसाचाच आहे. ओळख पटवणारे दोघे कोण, तेही त्यातच सापडेल. तपास खरा तिथून सुरू होतो. वारस नोंदीला जोडलेलं प्रतिज्ञापत्र आणि वंशावळही मागवा.

तक्रारीसाठी गुहागरला जायलाच हवं असं नाही. शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर, म्हणजे घटना कुठल्या हद्दीतली हे न पाहता) डोंबिवलीतही गुन्हा नोंदवता येतो. टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, तिथेही दाद नाही लागली तर दंडाधिकारी.

बहुतेक लोक मात्र अडकतात ते पुढे. गुन्हा नोंदला म्हणून खत रद्द होत नाही, आणि एकदा नोंदलेलं खत दुय्यम निबंधकही रद्द करू शकत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लागतो, मुदत खोटेपणा कळल्यापासून 3 वर्षं. खरेदीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नवं नाव चढवण्याची नोंद, अजून प्रमाणित झाला नसेल तर नोटिशीपासून 15 दिवसांत लेखी हरकत घ्या. झाला असेल तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. गावची नोटीस मुंबईत पोचत नाही. फेरफाराच्या नोटिसा दाखवणारं 'आपली चावडी' हे सरकारी संकेतस्थळ अधूनमधून उघडून बघत जा.

प्रश्न : मालवणातल्या आमच्या न्याहारी-निवासाचे फोटो लावून कुणी मनगढंत मालकाच्या नावाने बुकिंगचे पैसे घेतोय. काय करावं?

उत्तर : संगणक-मोबाइलवरून तोतयेगिरीने फसवणुकीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम 66डी लागतं : 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. इथे 66सी पुढे करू नका; ते दुसऱ्याची सही, पासवर्ड वापरण्याबद्दल आहे. पैसे गेलेल्या पाहुण्याने लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे सरकते. तुम्ही जाहिरातीची लिंक, स्क्रीनशॉट, क्यूआर आणि व्यवहार क्रमांक आधी जपून ठेवा, मगच ती जाहिरात काढायला सांगा. घाईत उलटं केलं तर पुरावाच जातो.