हॉर्न घसरला म्हणून सिंफनी सोडायची नसते

चि. बाबास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची अकरा रेकॉर्डिंग्ज, आणि प्रत्येकापुढे फुली. इथे हॉर्न, ते फुंकायचं पितळी वाद्य, सुरावरून घसरला, इथे कुणी खोकलं, इथे व्हायोलिनं एकत्र पडली नाहीत. सगळ्या फुल्या पहिल्या दोन मिनिटांतल्या आहेत, म्हणजे तू त्यांतलं एकही शेवटपर्यंत ऐकलेलं नाहीस. आणि तरी विचारतोस, यातलं निर्दोष कुठलं?

माझं सांगणं एकच: मूव्हमेंट, म्हणजे सिंफनीचा एक सलग भाग, अर्ध्यावर सोडायची नाही. हॉर्न घसरू दे, ऑर्केस्ट्रा फाटू दे, शेवटचा सूर विरेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. बाकी सगळं त्यानंतर.

हॉर्न का घसरतो ते आधी समजून घे. एफ हॉर्नची नळी उलगडली तर जवळजवळ पावणेचार मीटर भरते. तिच्या वरच्या पट्टीत नैसर्गिक सूर एकमेकांना इतके खेटून असतात, की ओठांचा ताण केसभर बदलला तरी शेजारचा सूर लागतो. झाकायला आसपास दुसरं वाद्यही नसतं. स्टुडिओत तो तुकडा पुन्हा वाजवून जोडतात, मैफलीत जोडता येत नाही. तेव्हा घसरलेल्या हॉर्नवरून इतकंच कळतं, की तिथे माणूस वाजवत होता आणि मागून कात्री चालली नाही. त्याच्या आधीच्या चाळीस मापांत, म्हणजे तालाच्या लहान समान घरांत, ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरने काय बांधलं, हे त्या एका सुरावरून कसं ठरवणार?

आणि चूक कशाला म्हणायचं याचीही घाई नको. बीथोवनच्या तिसऱ्या सिंफनीच्या, ‘एरोइका’च्या, पहिल्या मूव्हमेंटमध्ये मूळ विषय, म्हणजे मुख्य धून, परत येण्याच्या चार मापं आधी, व्हायोलिनं अजून दुसऱ्याच स्वरसंगतीत थरथरत असताना, एक हॉर्न एकटाच तो विषय वाजवतो. पहिल्या तालमीला बीथोवनचा शिष्य रीस शेजारी उभा होता. वादकाला मापं मोजता येत नाहीत, असं तो बोलून बसला आणि गुरूची थप्पड खाता खाता वाचला. ते तसंच लिहिलेलं आहे. दोन मिनिटांत फुली मारणाऱ्याच्या कानावर ही जागा येणारच नाही, कारण ती मूव्हमेंटच्या निम्म्यापलीकडे आहे.

आता तुलना कशी करायची ते सांगतो. अकरा नकोत, तीन पुरेत. पाचवीची पहिलीच मूव्हमेंट घे. आधी आवाज सारखा करून घे, कारण एखाद-दोन डेसिबलने मोठं वाजणारं रेकॉर्डिंग कानाला उगाच जास्त जिवंत वाटतं. सुरुवातीच्या चार सुरांवर आवाज जुळवू नकोस, तिथे प्रत्येकाचा जोर वेगळा. हॉर्नच्या हाकेनंतर व्हायोलिनं हळुवार दुसरा विषय घेतात, ती जागा फोनवरच्या मीटरने मोजून तिन्हींत सारखी कर. मग एका बैठकीत एकच, सलग. दुसरं दुसऱ्या दिवशी.

स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची छापील स्वरलिपी, दुसऱ्यांदा ऐकताना उघड, पहिल्यांदा नको. त्यात काही जागा धरून ठेव. दुसऱ्या आणि पाचव्या मापावरचे ठहराव, म्हणजे सूर धरून थांबायच्या जागा: दुसरा एका मापाने लांब लिहिला आहे, तो खरंच लांब राहतो का? १२४ व्या मापाला मागे जायची खूण आहे, ती पाळली का? बीथोवनने १८१७ साली दिलेली लय मिनिटाला १०८ मापं. पुनरावृत्तीसह ६२६ मापं होतात, म्हणजे ठहराव सोडून पावणेसहा मिनिटांच्या जरा वर. पुनरावृत्ती गाळली की मिनिटभराहून जास्त वाचतं. ‘हा कंडक्टर फार वेगात जातो’ असं तू ज्याच्यापुढे लिहिलं आहेस, त्याने पुनरावृत्तीच घेतलेली नाही. नुसती वेळ बघून लय ठरवली की हे असं होतं.

२६८ व्या मापाला ओबो, सनईच्या जातीचं वाद्य, एकटा उरतो. सगळी धावपळ थांबवून तो एक छोटा आलाप घेतो. तो आलाप घाईत उरकला, तर त्या कंडक्टरला मूव्हमेंट कळलेली नाही असं मी खुशाल म्हणतो. पुढे ३०३ वर, जी हाक आधी हॉर्नने दिली होती ती इथे बासूनला, खर्जातल्या लाकडी फुंकवाद्याला, लिहिली आहे. त्या काळच्या हॉर्नला सूर बदलायचे व्हॉल्व्ह नव्हते आणि ई-फ्लॅट पट्टीची नळी बदलून सी पट्टीची घ्यायला सवड नव्हती. पुष्कळ कंडक्टर इथे हॉर्नच घालतात. बासूनचा आवाज त्यामानाने किरटा, पण मला तोच हवा. तू दोन्ही ऐक आणि मला कारणासकट लिही.

लोक म्हणतात मी चुकांवर पांघरूण घालतो. या हट्टापायी काही जुने स्नेही दुरावले, त्याची खंत आहे, पण हट्ट सोडणार नाही. मी काय माफ करत नाही तेही ऐक. जोडकाम करताना लय अचानक बदलली, किंवा दोन तुकड्यांत हॉलचा घुमारा वेगळा आला, तर ते रेकॉर्डिंग बाद. जुनी तबकडी उतरवताना वेग चुकून सगळा सूरच चढला तर बाद. इंजिनिअरने हळू आवाज वर ओढून आणि मोठा दाबून सगळं सपाट केलं असेल तर दोनदा बाद. हे दोष शेवटपर्यंत साथ सोडत नाहीत. घसरलेला सूर मात्र पुढच्या मापात विसरला जातो, तुझ्यासारख्याने वही काढली नाही तर.

कंडक्टर कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राकडून १९७४ साली वाजवून घेतलेली पाचवी तीनांत असू दे. ती नीटस आहे, तुला आवडेलच. पण तिच्यावरच थांबू नकोस. कंडक्टर फुर्टव्हेंगलरची २९ जुलै १९५१ ची, जर्मनीतल्या बायरॉइटची, बीथोवनची नववी घे. युद्धानंतर तिथला महोत्सव पुन्हा सुरू झाला त्या दिवसाची मैफल. अगदी शेवटी तो लय इतकी वाढवतो की वाद्यं एकमेकांत मिसळून जातात, सूर वेगळे ऐकूच येत नाहीत. पाऊण तास आधीपासून ऐकत आलास तर ते तसंच व्हायला हवं होतं असं वाटेल. नुसतं शेवटचं मिनिट लावलंस तर फुली मारशील. कंडक्टर ब्रूनो वॉल्टरने वाजवून घेतलेली मालरची नववी सिंफनी, व्हिएन्ना, १६ जानेवारी १९३८: श्रोते खोकतात, वादक अडखळतात. दोन महिन्यांच्या आत नाझी त्या शहरात होते. ती खोकल्यासकटच ऐकायची.

तुमच्या फोंड्याच्या घरी केरीच्या केसरबाईंच्या जुन्या तबकड्या खरखरीसकट कान देऊन ऐकतात. तिथे कुणी फुली मारत नाही. व्हिएन्नाच्या हॉर्नवाल्याला वेगळा न्याय कशाला?

आपल्या पावसाचंही धोरण ठेव. जुलैत कौलांवर सर कोसळत असताना शूबर्टच्या ‘अपूर्ण’ सिंफनीची सुरुवात, चेलो आणि बास अगदी खाली, ऐकूच येणार नाही. मग तू आवाज वाढवशील आणि पुढच्या जोरदार जागेवर ‘कर्कश’ लिहून मोकळा होशील. हेडफोन लाव किंवा सर ओसरू दे. तबकड्या भिंतीपासून वीतभर दूर, उभ्या ठेव, नाहीतर बुरशी धरते. धरलीच तर डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड, आणि खाचेच्या दिशेनेच पुसायचं.

तू व्हायोलिन शिकतोस, म्हणून आणखी एक. जुन्या पॅरिश शाळांत, म्हणजे चर्चच्या शाळांत, मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांच्या हाती वाद्य देण्याआधी सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी अशी स्वरांची नावं, गाऊन घेत. तूही पहिल्या मूव्हमेंटचे दोन्ही विषय आधी तोंडाने म्हण, हाताने माप धर, आणि मग रेकॉर्डिंग लाव. कंडक्टरने लय कुठे ओढली आणि कुठे सोडली, ते तुझ्या हातालाच कळेल.

आधी क्लायबर, मग तुझ्या यादीतलं ज्यात हॉर्न सर्वांत वाईट घसरला आहे ते, आणि तिसरं तुझ्या पसंतीचं. तिन्ही पूर्ण. मूव्हमेंट अर्ध्यावर सोडलीस तर पत्र लिहू नकोस. पूर्ण ऐकलंस तर ओबोच्या त्या जागेबद्दल सविस्तर लिही, मी वाट बघतो.

तुझा,
काका