आधी लोखंड वाच

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं, फोटोही मोठे करून पाहिले. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, तीन टेबलांवर तीन मोसिन-नागान, म्हणजे जुन्या रशियन सैनिकी रायफली आहेत आणि पैसे एकीपुरतेच. पहिली म्हणे स्टालिनग्राडची स्नायपर. दुसरीच्या सगळ्या भागांवरचे नंबर एकमेकांशी जुळतात आणि लाकूड लालभडक चमकतंय. तिसरी फिनलंडची, दस्त्यावर चरे पडलेली. त्यात तुझा मित्र सांगतोय, कुठलीही घे आणि जुना लाकडी दस्ता काढून प्लास्टिकचा बसव. आठवडाभर तू या सगळ्यांचं ऐकते आहेस आणि रायफलींकडे मात्र धड पाहिलेलं नाहीस. आधी लोखंड वाच.

स्नायपरचा तिसरा फोटो उघड. बॅरलवर, म्हणजे नळीवर, रशियातल्या इझेव्स्क कारखान्याचा शिक्का आहे, त्रिकोणात बाण, आणि खाली साल कोरलंय 1944. स्टालिनग्राडची लढाई 2 फेब्रुवारी 1943 ला संपली. सोबत दिलेलं प्रमाणपत्र विक्रेत्यानेच छापलेलं, त्याला काय किंमत द्यायची ती तू ठरव. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. युद्धकाळातल्या खऱ्या पीयू स्नायपरवर, म्हणजे पीयू नावाची दुर्बीण लावलेल्या रायफलीवर, बॅरलच्या मुळाशी, डाव्या अंगाला, दुर्बिणीचा नंबर ठोकलेला सापडतो. युद्धानंतर पुष्कळ स्नायपर रायफलींच्या दुर्बिणी काढल्या, रिसीव्हरची, म्हणजे बॅरलमागच्या ज्या लोखंडी भागात बोल्ट सरकतो त्याची, भोकं बुजवली आणि तो नंबर रेघ मारून खोडला. म्हणजे खरी स्नायपर दुर्बीण गेल्यावरसुद्धा ओळखू येते. तुझ्या फोटोत ती जागा कोरी आहे. साध्या रायफलीला नवी भोकं पाडून, दुर्बीण धरणारा नव्या बनावटीचा माउंट आणि वाकवलेल्या मुठीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून बॅरल बंद करणारा दांडा) बसवून तिप्पट भाव मागायचा, हा धंदा इथे उघड चालतो. ती सोडून दे.

दुसरीबद्दल तू लिहितेस, "काका, नंबर जुळतात म्हणजे मूळचीच ना?" नाही ग. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी लाखो रायफली सुट्ट्या केल्या, भाग तपासले, जो बसेल तो बसवला, दस्त्यांना शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश, फासलं आणि ग्रीसमध्ये बुडवून पेट्या भरल्या. बोल्ट, मॅगझिनचं झाकण, दस्त्यामागची पट्टी, जे दुसऱ्या रायफलीचं होतं त्यावरचा जुना नंबर खोडून नवा ठोकला किंवा विजेच्या पेनाने लिहिला. अंकांची वळणं बॅरलवरच्या अंकांशी ताडून बघ. चौकोनात तिरकी रेघ असा शिक्का दिसला तर ती डागडुजी होऊन आलेली आहे. त्यात कमीपणा काही नाही. तो तिच्या आयुष्याचाच भाग आहे, आणि आयुष्यातली पहिली रायफल म्हणून तू ही घेतलीस तरी माझी हरकत नाही. पण ती जी आहे ती समजून. विक्रेता जुळत्या नंबरांचे जास्त पैसे मागत असेल तर देऊ नकोस.

तिसरी मात्र मला स्वतःला हवीशी वाटली, हे लपवत नाही. फिनलंडने मोसिनचे रिसीव्हर कधी स्वतः बनवलेच नाहीत. झारच्या फौजेचे मागे राहिलेले, युद्धात हाती लागलेले, बाहेरून विकत घेतलेले असे जुने रिसीव्हर घेऊन त्यांनी त्यावर आपल्या बॅरल आणि आपले दस्ते चढवले. दस्ता उतरवला की रिसीव्हरच्या शेपटीखाली मूळ साल दिसतं. एम-39 सारख्या फिनिश रायफलीवर तिथे 1890 च्या दशकातलं सालही निघतं. वर चौकटीत फिनिश सैन्याची एसए ही अक्षरं, खाली झारचा कारखाना. 1939-40 च्या हिवाळी युद्धात दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच घराण्यातली रायफल घेऊन एकमेकांसमोर उभे होते. फिनलंडचा नामांकित स्नायपर सिमो हायहा, त्याच्या हातातली एम-28-30 सुद्धा याच घराण्यातली. हे सगळं त्या चरे पडलेल्या दस्त्याखाली आहे आणि तुझा मित्र तिथे प्लास्टिक बसवायला निघालाय!

माझा हट्ट कुठून आला ते सांगतो, म्हणजे तुला मी नुसता तिरसट वाटणार नाही. मी नोकरीभर डेट्रॉइटच्या बाजूला टूलरूममध्ये काम केलं. लेथवर पातं कुठे घाईत फिरलं आणि कुठे सावकाश, हे मला धातू पाहून कळतं. 1930 च्या दशकातला रिसीव्हर हातात घे, अंग घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. मग 1942 चा घे. ऑक्टोबर 1941 मध्ये जर्मन फौजा रायफलींचा दुसरा कारखाना असलेल्या तुला नावाच्या रशियन शहराच्या दाराशी येऊन ठेपल्या, तिथली यंत्रं पूर्वेकडे हलवावी लागली आणि रायफलींचा बहुतेक भार इझेव्स्कवर पडला. त्या काळातल्या रिसीव्हरवर पात्याचे ओरखडे जसेच्या तसे आहेत. पण बोल्टचे कान जिथे अडकतात आणि स्फोटाचा दाब झेलतात, त्या जागेची मापं सांभाळलेली आहेत. काय सोडायचं आणि काय सोडायचंच नाही, याचा निर्णय अंगाला चिकटलेल्या संकटात कुणीतरी रोज घेतला. मला या रायफलींची ओढ लागली ती या ओरखड्यांमुळे. सुमारे 3 कोटी 70 लाख मोसिन बनल्या म्हणतात, म्हणजे त्या दुर्मिळ नाहीत, आणि ज्यांना दुर्मिळतेचंच वेड आहे त्यांना ही ओढ कळत नाही. आणि हेच ओरखडे लोक सँडपेपरने घासून काढतात.

इथल्या क्लबात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या वडिलांनी 1920 च्या दशकात घेतलेली एक मोसिन त्यांच्याकडे होती, अमेरिकेत बनलेली. पहिल्या महायुद्धात झारने रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस यांना मोठ्या मागण्या दिल्या होत्या. क्रांती झाली, माल पडून राहिला, तो अमेरिकी सरकारने घेतला आणि पुढे स्वस्तात नागरिकांना विकला. 1918 मध्ये मिशिगनची मुलं, 339 वी इन्फंट्री, उत्तर रशियातल्या आर्खांगेल्स्कला पाठवली तेव्हा त्यांच्या हातात हीच रशियन रायफल दिली होती. मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या स्मशानभूमीत त्यांचं स्मारक आहे, पांढरं अस्वल. एकदा जाऊन ये. ते गृहस्थ गेल्यावर त्यांच्या मुलाने वडिलांची आठवण म्हणून रायफल "नवी करून" आणली. पॉलिश केली, निळा रंग चढवला, लाकूड तासलं. कारखान्याचा शिक्का गेला, तपासनिसांचे शिक्के गेले, दस्त्यावर कुणीतरी चाकूने कोरलेली दोन अक्षरं गेली. मी आधी सांगितलं होतं. नंतरही सांगितलं, पण नंतर सांगून काय उपयोग? त्याने मोठ्या प्रेमाने केलं, म्हणून मला त्याच्यावर रागावताही आलं नाही. ती खंत अजून जात नाही.

तेव्हापासून माझ्या कपाटातल्या एकाही रायफलीला मी कुणाला हात लावू देत नाही. घरचे म्हणतात, हे जुनं लोखंड साठवून काय मिळवलंत? चित्रीकरणासाठी मागायला आले त्यांना नाही म्हणालो, त्यावरूनही बोलणी खाल्ली. मी प्रत्येक रायफलीच्या प्रत्येक शिक्क्याची नोंद ठेवली आहे, चित्र काढून. हे साठवणं नाही, मुली. कुणीतरी हे वाचून ठेवलं पाहिजे, आणि आमच्या भागात ते करायला दुसरं कोणी पुढे आलं नाही. स्वस्ताईच्या वर्षांत, शंभर डॉलरच्या आत मोसिन मिळत होती तेव्हा, लोकांनी त्या कापल्या, तासल्या, रंगवल्या. आता भाव कितीतरी पट झाले आणि तेच लोक मूळ रूपातली रायफल शोधत फिरतात.

तुझा शेवटचा प्रश्न खरा अवघड आहे. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतर या गोष्टींची आवड असणं बरोबर का? रशियातून शस्त्रं आणायचे रस्ते अमेरिकेच्या 2014 आणि 2021 च्या निर्बंधांनी जवळपास बंद केलेत, टेबलावरची रायफल बरीच वर्षं इथेच आहे, तुझे पैसे तिकडे जात नाहीत. पण एवढ्यावर तुझं समाधान होऊ नये. यातल्या कितीतरी रायफली युक्रेनच्या गोदामांतून आल्या. सोव्हिएत सैन्यातली नामांकित स्नायपर ल्युदमिला पावलिचेन्को बिला त्सेर्क्वाची, युक्रेनमधली. 1891 मध्ये या रायफलीसोबत आलेलं काडतूस आजही तिथे दोन्हीकडच्या मशीनगनमधून उडतंय. या लोखंडाची पूजा करू नकोस आणि त्याच्यावर गौरवाच्या गोष्टीही चढवू नकोस. त्याच रायफलीने घर राखलं आणि त्याच रायफलीने माणसं भिंतीशी उभी करून मारली. जे कोरलंय ते वाच आणि तेवढंच म्हण.

आता शनिवारचं. टॉर्च आणि भिंग घेऊन जा. तिसऱ्या रायफलीचा विक्रेता दस्ता उतरवू देत असेल तर शेपटीखालचं साल बघ. नाही म्हणाला तर निदान एसएचा शिक्का, बॅरल बनवणाऱ्याचं नाव आणि बॅरलवरचं साल, यांचे जवळून फोटो काढ. बॅरलमधून उजेडाकडे बघ, नळीचे आटे कडेपर्यंत उठून दिसले पाहिजेत. बजेटबाहेर असेल तर दुसरी घे, जुळत्या नंबरांचा भाव न देता. चालवण्याआधी बंदूकदुरुस्तीवाल्याकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसासाठी उरणारी जागा, मोजून घे. जुनी सोव्हिएत काडतुसं वापरलीस तर त्याच दिवशी बॅरल गरम पाण्याने धू, मग तेल. त्यांच्या प्रायमरचे, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीचे, क्षार उरतात, ते नुसत्या तेलाने निघत नाहीत. क्युरिओ आणि रेलिक परवान्याचा, म्हणजे जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या परवान्याचा, अर्ज आणि नोंदवही या दोन्हींसाठी रविवारी घरी ये, आपण बसून भरू. आणि मित्राला सांग, प्लास्टिकचा दस्ता त्याने स्वतःच्या रायफलीला लावावा.

तुझा,
काका