वेगवान ख्रिस्ती रोमँटिक सस्पेन्स: कुठून सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्यात तुमचा सात-आठ जणींचा वाचनगट आहे. काही जणी चर्चला जाणाऱ्या, बाकीच्या हिंदू घरांतल्या. पावसाळ्यात मिळून वाचायला एक इंग्रजी कादंबरी हवी. प्रेमकथा हवी, वेग हवा, श्रद्धा खरी वाटायला हवी पण प्रवचन नको, आणि पुस्तक घरात कुणाच्याही हाती पडलं तरी अवघडल्यासारखं होऊ नये. इंग्रजी सगळ्यांचं बारावीपर्यंतचं.

एकच नाव सांगायचं तर डी हेंडरसन यांची 'द निगोशिएटर', २००० साली आलेली. या प्रकारातली सगळ्यात वेगवान कादंबरी ती नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण रहस्य, प्रेम आणि श्रद्धा हे तीन धागे तिच्यात जसे एकमेकांत गुंतलेत तसे फार कमी ठिकाणी सापडतात, आणि नवीन वाचकाने सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

केट ओमॅली शिकागोच्या पोलिसांत आहे. कुणी माणसं ओलीस धरली की त्याच्याशी बोलून ती सोडवून आणणं हे तिचं काम. सुरुवातीलाच एक माणूस स्फोटकं घेऊन बँकेत शिरतो आणि केट निःशस्त्र आत जाते. आत अडकलेल्यांत एफबीआयचा डेव्ह रिचमन असतो. दोघांची ओळख तिथे, त्या तणावात होते. या प्रसंगाकडे नीट लक्ष द्या. डेव्हला सवय हुकूम देण्याची, आणि इथे त्याला गप्प बसून केटचं काम बघावं लागतं. ती आवाज चढवत नाही, घाई करत नाही, समोरच्याला बोलतं ठेवते. डेव्हचं मन तिच्याकडे ओढलं जातं ते तिचं काम बघून. प्रेमासाठी वेगळा प्रसंग रचावा लागलेला नाही, रहस्याच्या प्रसंगातच तो उगवतो. पुढे एक प्रवासी विमान स्फोटात जातं, आणि तपासाचे धागे केटच्याच दिशेने वळायला लागतात. याहून जास्त सांगितलं तर मजा जाईल.

आता श्रद्धेचा धागा. डेव्ह ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा, केट नाही. तिने कामावर माणसाचं इतकं वाईट रूप पाहिलंय की न्यायी आणि दयाळू देव आहे हे तिला पटत नाही. डेव्हचं तिच्यावर प्रेम बसतं, पण ती विश्वासात नसताना तो लग्नाचा विचार करायला तयार नाही. इथे गटातल्या ख्रिस्ती नसलेल्या वाचकांचा गैरसमज होण्याची दाट शक्यता आहे. त्यांना वाटेल, हा स्वतःला उच्च समजतो की काय? तसं नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, सहाव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड संबंध जोडू नका असा उपदेश आहे. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींत तो लग्नाच्या बाबतीत अगदी काटेकोर पाळतात, आणि या प्रकारच्या कितीतरी कादंबऱ्यांतला प्रेमाचा अडथळा याच वचनातून येतो. वाचायला बसण्याआधी एकीने हे सगळ्यांना सांगून टाकावं. मग डेव्हची ओढाताण कळते आणि केटचा रागही.

'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी वाचकाला ही ओढाताण मुळीच परकी वाटणार नाही. दापोलीजवळच्या करजगावात जन्मलेल्या ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी त्यानंतर काही वर्षांनी. मधल्या काळात जिवाभावाचं नातं आणि वेगळी झालेली श्रद्धा यांतून त्यांना काय काय सोसावं लागलं ते आपल्याकडे घरोघर वाचलं गेलंय. गटात कुणाकडे ते पुस्तक असेल तर विरहाच्या त्या प्रकरणांची उजळणी जरूर करा. चर्चेला त्याने जेवढं खाद्य मिळेल तेवढं कुठल्याही तयार प्रश्नावलीने मिळणार नाही.

केटची श्रद्धा कशी हलते हे लेखिकेने घाईने उरकलेलं नाही. ओमॅली ही सात भावंडं रक्ताची नाहीत. अनाथाश्रमात एकत्र वाढली, आणि मोठं झाल्यावर सगळ्यांनी एकच आडनाव घेतलं. त्यातली धाकटी जेनिफर, लहान मुलांची डॉक्टर, कर्करोगाने आजारी पडते, आणि विश्वासाकडे सगळ्यांच्या आधी वळते ती तीच. केटचे प्रश्न म्हणूनच हवेतले राहत नाहीत, ते बहिणीच्या खाटेपाशी उभे राहून विचारलेले आहेत. सध्या कुणाच्या घरी असं आजारपण चालू असेल तर त्यांना आधी विचारा. पुस्तक चांगलं असलं तरी त्यांच्यासाठी ही वेळ योग्य नसेल.

दोष आहेत. मधल्या भागात भावंडांची बोलणी लांबतात आणि तपास थोडा थंडावतो. काळ २००० च्या आसपासचा, तेव्हा आजच्यासारखे मोबाइल आणि कॅमेरे कुठेच नाहीत, हे धरून वाचा, नाहीतर 'फुटेज का नाही बघत?' असं सारखं वाटत राहील. भाषा मात्र सरळ, वाक्यं छोटी, संवाद भरपूर. बारावीच्या इंग्रजीला झेपेल. पोलिसी शब्द पहिल्या दोन-तीन प्रकरणांत अडतात, नंतर तेच तेच येत राहतात, त्यामुळे दर शब्दाला कोश उघडायची गरज नाही.

घरात कुणी वाचलं तर काय, याबद्दल निर्धास्त राहा. या प्रकारात शय्यादृश्यं नसतात, शिव्या नसतात, चुंबनाच्या पुढे गोष्ट जात नाही. पण गुन्हे खरे असतात. बॉम्ब, खून, अपहरण सगळं आहे. शाळकरी मुलीच्या हाती द्यायचं असेल तर आधी आपण वाचून घ्यावं.

वसई-मालवणकडच्या कॅथलिक वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. या कादंबऱ्या बहुतेक प्रोटेस्टंट वातावरणातल्या आहेत. फादर नाहीत, पास्टर आहेत. रोझरी, नोव्हेना, संतांची मध्यस्थी यांतलं काही आढळणार नाही. पात्रं स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतात, आणि 'ख्रिस्ताला स्वीकारणं' हा एक ठरावीक, आयुष्य बदलणारा क्षण मानला जातो. आपल्याकडच्या परंपरेत बाळपणीच बाप्तिस्मा झालेल्याला हे वेगळं वाटेल. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही, पण माहीत असलं तर वाचताना अडखळायला होत नाही.

क्रमाचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. 'द निगोशिएटर' हा ओमॅली मालिकेचा पहिला भाग. पण त्याआधी, १९९९ मध्ये, 'डेंजर इन द शॅडोज' आली. तिच्यात डेव्हची बहीण सारा आहे. लहानपणी तिचं अपहरण झालेलं, आणि तो माणूस अजून मोकळा. 'द निगोशिएटर' आधी वाचलं तर साराचं पुढे काय झालं ते फुटतं. गटात कुणाला दोन्ही वाचायची असतील तर 'डेंजर'पासून सुरू करा, एकच वाचायची असेल तर थेट 'द निगोशिएटर'. पुढे 'द गार्डियन', 'द ट्रुथ सीकर', 'द प्रोटेक्टर', 'द हीलर', 'द रेस्क्यूअर' हा क्रम मोडू नका, कारण जेनिफरचा आजार एका पुस्तकातून दुसऱ्यात चालत जातो. 'द ट्रुथ सीकर'ची नायिका मृतदेहांची तपासणी करणारी डॉक्टर आहे, ते जास्त अंगावर येणारं आहे.

निव्वळ वेगच हवा असेल तर टेरी ब्लॅकस्टॉक यांची 'इफ आय रन' (२०१६). केसी कॉक्सला मित्राचा खून झालेला दिसतो, सगळे पुरावे तिच्याकडे बोट दाखवतात, आणि ती पोलिसांना फोन करण्याऐवजी पळते. का पळते, हेच पुस्तकाचं मर्म. तिचे वडील पोलीस होते, त्यांच्या मृत्यूवर आत्महत्येचा शिक्का मारला गेला, आणि तिला त्यावर विश्वास नाही. तिच्या मागावर डिलन रॉबर्ट्स, युद्धातून मनाने जखमी होऊन आलेला माजी सैनिक. प्रकरणं आलटून पालटून दोघांच्या तोंडून येतात, छोटी आहेत, एक संपलं की दुसरं सुरू केल्याशिवाय राहवत नाही. मग ही पहिली का सुचवली नाही? पहिल्या भागात दोघं जवळजवळ भेटतच नाहीत, त्यामुळे प्रेमकथा शोधणाऱ्याची निराशा होते. शिवाय ही कथा तीन पुस्तकांत पसरलेली आहे, पुढे 'इफ आय अॅम फाउंड' आणि 'इफ आय लिव्ह'. पहिलं संपतं तेव्हा गोष्ट संपलेली नसते. घ्यायची तर तिन्ही एकदम घ्या. त्यात एका कोंडून ठेवलेल्या मुलीचा भाग फार क्लेशकारक आहे, हेही आधी सांगून ठेवा.

समुद्रकाठच्या वाचकांना डॅनी पेट्री यांची 'सबमर्ज्ड' (२०१२) आवडेल असं मला वाटतं. अलास्कातलं बेट, कोसळलेलं छोटं विमान, त्यात गेलेली नायिकेची मावशी, आणि पाण्याखाली शोध घेणाऱ्या पथकाचा प्रमुख म्हणजे नायिकेचा जुना प्रियकर. तारकर्लीला स्कुबा केलेल्यांना पाण्याखालचे प्रसंग जवळचे वाटतील, फक्त तिथलं पाणी जीव घेईल इतकं थंड, त्यामुळे पोशाख आणि वेळेचं गणित वेगळं. इथे श्रद्धेचा प्रश्न देव आहे की नाही असा नाही. ज्या गावात आपली बदनामी झाली तिथे परतल्यावर देवाने केलेली क्षमा स्वतःला लागू करता येते का, असा आहे. लहान गावात राहणाऱ्या कुणालाही तो कळेल.

'लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स' या नावाने दर महिन्याला निघणारी छोटी पुस्तकंही दिसतील. साधारण ५५,००० शब्दांची, दोन-तीन बैठकांत संपणारी. प्रवासात ठीक. पण एवढ्याशा जागेत प्रेम, खुनी आणि परिवर्तन सगळं बसवायचं म्हणजे चार-पाच दिवसांच्या ओळखीवर लग्नाची मागणी येते. गटात चर्चा करायला त्यात फारसं काही उरत नाही.

यापलीकडचं कुठलंही पुस्तक निवडताना पहिली पंधरा-वीस पानं फुकट नमुन्यात वाचून बघा. धोका तोवर दारात आलेला हवा. नायिकेला एखादं काम येतं का आणि ती ते करताना दिसते का, हे बघा. नुसती घाबरून नायकाच्या मागे उभी राहणारी असेल तर पुढेही तशीच राहते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रार्थना कुठे येते. संकटाच्या मध्ये, अर्धवट, उत्तर न मिळता येत असेल तर लेखक जाणता आहे. संकट टळल्यावर सोफ्यावर बसून कुणी दीड पान समजावून सांगत असेल, आणि ते दीड पान काढलं तरी गोष्ट जशीच्या तशी राहत असेल, तर श्रद्धा वरून चिकटवलेली आहे.

मागवताना नुसतं नाव टाकू नका. 'द निगोशिएटर' नावाचीच फ्रेडरिक फोर्साइथ यांची १९८९ ची कादंबरी आहे, आणि 'द गार्डियन' नावाची निकोलस स्पार्क्स यांचीही. नाव आणि लेखिका दोन्ही लिहा, जुनी प्रत मागवत असाल तर मुखपृष्ठाचा फोटो मागवून घ्या. नगर वाचनालयात मागणी नोंदवायची झाली तरी असंच लेखिकेच्या नावासकट लिहून द्या. सात-आठ जणींत छापील प्रती दोन पुरतात, बाकीच्यांनी ई-बुक घ्यावं. ते आधीच फोनवर पूर्ण उतरवून ठेवा. वादळी पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, आणि कोकण रेल्वेने मुंबईला जाताना करबुड्यासारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात नेटच्या भरवशावर बसता येत नाही. छापील प्रत भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. आषाढात त्या भिंतीला ओल येते, कण्याचा गोंद सुटतो आणि पानं सुटी होतात. झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर ठेवा, आणि उघडीप मिळाली की पुस्तक उभं करून पानं वाऱ्यावर मोकळी करा.

बैठकांसाठी थांबे असे घ्या: पहिल्या वेळी बँकेचा प्रसंग संपेपर्यंत, दुसऱ्या वेळी विमानाचा स्फोट आणि संशय केटकडे वळेपर्यंत, उरलेलं तिसऱ्या वेळी. दुसऱ्या थांब्यानंतर कुणी पुढे वाचलं तर गप्प बसायचं, एवढा नियम मात्र आधीच ठरवून घ्या. तिथून पुढे थांबणं खरंच कठीण जातं.